फुप्फुसाच्या तपासणीचा वायू : भीती किती, काळजी किती?

माघ पौर्णिमा आली की गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, धनेगावच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. कोणी दरेकसा स्टेशनवर आगगाडीतून उतरतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरच्या मुलखांतूनही मंडळी येतात. सप्तरंगी झेंडे फडकतात, ढोल वाजतात, भेटणारा प्रत्येक जण 'जय सेवा' म्हणतो. ही कचारगडची यात्रा. डोंगराच्या पोटातील त्या भल्या मोठ्या गुहेला गोंड समाज आपले मूळस्थान मानतो. काली कंकालीची मुले या गुहेत शिळेआड कोंडली गेली होती, आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांना बाहेर काढले, अशी श्रद्धा आहे.

गुहेपर्यंतची वाट चढणीची आहे. धडधाकट माणूसही मधे एकदोनदा टेकतो. अशाच एका यात्रेत मोहाच्या झाडाखाली मायलेकी बसलेल्या दिसल्या. मुलगी विशीची असेल. ओठ कोरडे पडलेले, श्वास वरच्या वर चाललेला.

"मावशी, पाणी देऊ का?" मी विचारले.

"पानी आहे, भाऊ. हिले सिकलसेल आहे. चार पावलं चालली का दम लागते."

बोलता बोलता त्या माउलीने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. नागपूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचे स्कॅन करून आणायला सांगितले होते. कागदाला दोन महिने होऊन गेले होते.

"एक हवा वढाची आहे म्हनतेत, अन् एक सुई घ्याची आहे. त्या हवेत किरनं असतेत म्हने. गावात सांगतेत, थे हवा आंगातून निंघतच नाही, मंग पोरीले लेकरू होत नाही. म्हनून आमी गेलोच नाही."

त्या दिवशी वाटेवर उभ्याउभ्या जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. परंतु असा कागद आणखी किती घरांत पिशवीत पडून असेल, हा विचार मनातून गेला नाही. म्हणून, वाचकहो, आज जरा सविस्तर लिहीत आहे. श्वासावाटे वायू देऊन तपासणी करतात ती कशी, त्यात झेनॉन नावाच्या वायूचे काम काय, त्याचे दुष्परिणाम कोणते, आणि आपण घरच्यांनी काळजी नेमकी कशाची घ्यायची, एवढेच या लेखात पाहू.

बांधी, पाट आणि फुप्फुस

आपण धानाची शेती करणारी माणसे. तेव्हा फुप्फुस समजून घ्यायला बांधीकडेच पाहू. मामा तलावातून नहर निघते, नहरेतून पाट फुटतो, पाटातून पाणी एकेका बांधीत उतरते. फुप्फुसातही तसेच आहे. श्वासनलिका ही मोठी नहर. तिला फाटे फुटत फुटत शेवटी हवा अगदी बारीक पिशव्यांत पोहोचते. अशा पिशव्या, म्हणजे वायुकोश, माणसाच्या छातीत ३० ते ५० कोटींच्या घरात असतात.

पण इथे पाट एक नाही, दोन आहेत. एका पाटाने हवा येते, दुसऱ्या पाटाने रक्त येते. दोन्ही एकाच बांधीत येऊन भेटले तरच हवेतील प्राणवायू रक्तात उतरतो. हवा आली पण रक्त आले नाही, तर ती हवा वाया गेली. रक्त आले पण हवा नाही, तर ते रक्त तसेच काळपट परत गेले. माणसाला धाप लागते ती दोन्ही कारणांनी. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही धापा सारख्याच दिसतात.

साध्या क्ष-किरण फोटोत न्युमोनिया दिसतो, क्षयाचे डाग दिसतात, छातीत झालेले पाणी दिसते. परंतु रक्ताच्या पाटात गुठळी अडकून बसली असेल, तर फोटो पुष्कळदा स्वच्छ येतो. फोटो चांगला आणि माणूस धापेने बेजार, असे कोडे पडते तेव्हा डॉक्टर म्हणतात, 'हवा कुठे पोहोचते आणि रक्त कुठे पोहोचते, हे वेगवेगळे पाहू या.' हेच ते स्कॅन. हवेची बाजू पाहण्यासाठी वायू किंवा धुके हुंगायला देतात, रक्ताची बाजू पाहण्यासाठी शिरेत सुई देतात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कोणता पाट तुंबला ते कळते.

सिकलसेलमध्ये हे का लागते? या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. फुप्फुसाच्या वाहिन्यांत वर्षानुवर्षे असे होत राहिले, किंवा तिथे गुठळ्या साचल्या, की हृदयाला रक्त जोराने ढकलावे लागते आणि दाब वाढतो. या दाबाचे कारण जुनी गुठळी आहे का, हे शोधायला हे स्कॅन फार उपयोगी पडते. गुठळी असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधे देता येतात, काही रुग्णांत शस्त्रक्रियाही करता येते. म्हणजे तपासणी झाली तरच उपायाची वाट उघडते.

झेनॉन म्हणजे कोण?

झेनॉन हा काही कारखान्यात तयार केलेला विषारी वायू नाही. आपण रोज जी हवा घेतो तिच्यातच तो आहे, पण फारच थोडा. हवेच्या सुमारे १ कोटी १५ लाख भागांत झेनॉनचा एक भाग. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी १८९८ साली लंडनमध्ये तो वेगळा काढला. ग्रीक भाषेत 'झेनॉस' म्हणजे परका, पाहुणा. त्यावरून हे नाव पडले.

या पाहुण्याचा स्वभाव मोठा अलिप्त आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो शरीरातील कोणत्याही पदार्थाशी संयोग पावत नाही. श्वासाबरोबर आत जातो, थोडा रक्तात विरघळतो, आणि जसा गेला तसाच श्वासाबरोबर बाहेर येतो. यकृताला त्याचे पचन करावे लागत नाही, मूत्रपिंडालाही त्याचा भार होत नाही. या गुणामुळेच डॉक्टरांचे लक्ष त्याच्याकडे गेले.

वैद्यकात झेनॉनचे तीन प्रकारचे उपयोग झाले आहेत, आणि तिन्हींचे दुष्परिणाम वेगवेगळे आहेत. लोकांच्या बोलण्यात या तिघांची सरमिसळ होते आणि भीती वाढते. म्हणून एकेक वेगळा पाहू.

पहिला प्रकार : किरण देणारा झेनॉन

झेनॉन-१३३ हा या वायूचा किरणोत्सर्गी भाऊ. १९५५ साली जर्मनीत क्निपिंग या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या तपासणीसाठी किरणोत्सर्गी झेनॉन वापरला. पुढे अनेक देशांत ही पद्धत रुळली.

यात रुग्णाला तोंडाशी नळी किंवा मास्क लावतात, नाकाला चिमटा लावतात. पहिल्या खोल श्वासाबरोबर झेनॉन आत जातो आणि क्षणभर श्वास रोखायला सांगतात. नंतर काही मिनिटे रुग्ण त्याच बंद यंत्रातील हवा आत-बाहेर करतो. त्या हवेत प्राणवायू असतोच, त्यामुळे गुदमरण्याचे कारण नाही. शेवटी साधी हवा देतात आणि झेनॉन बाहेर पडताना पाहतात. जिथे तो रेंगाळतो, तिथे हवा कोंडलेली आहे असे समजते. विडी ओढून किंवा चुलीच्या धुराने फुप्फुस खराब झालेल्या माणसात असे कोंडलेले भाग दिसतात. हे सारे टिपणारा जो कॅमेरा असतो तो स्वतः किरण सोडत नाही. तो फक्त पाहतो.

आता दुष्परिणाम. या तपासणीत दिलेल्या झेनॉनचे वस्तुमान इतके थोडे असते की गुंगी येत नाही, मळमळत नाही. खरा प्रश्न उरतो तो किरणांचा. किरणांची मात्रा मिलिसीव्हर्ट या मापाने मोजतात. माती, दगड, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरण आपोआप मिळतच असतात. झेनॉनच्या या तपासणीत साधारण अर्ध्या मिलिसीव्हर्टच्या आसपास मिळतात. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत निसर्गाकडून जेवढे मिळतात तेवढे. रक्ताच्या बाजूची सुई धरून संपूर्ण स्कॅनचा हिशेब सहसा १ ते २ मिलिसीव्हर्टच्या आसपास जातो.

झेनॉन-१३३ चे किरण निम्मे व्हायला सव्वापाच दिवस लागतात, हे ऐकून पुष्कळांना वाटते की तो पाच दिवस अंगात राहतो. तसे नाही. बहुतेक वायू काही मिनिटांतच श्वासावाटे निघून जातो. थोडासा चरबीत विरघळतो, तो काही तासांत सावकाश बाहेर पडतो. धानाचे पोते पाच महिने टिकते म्हणून ते पाच महिने आपल्याच घरात राहते असे नाही. बाजारात गेले की गेले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. किरणांची मात्रा कितीही थोडी असली तरी धोका अगदी शून्य, असे शास्त्र म्हणत नाही. खबरदारी म्हणून अत्यल्प धोका धरूनच चालतात. म्हणूनच गरज असेल तरच ही तपासणी करायची असते, हौसेने नाही.

गुहेतील वायू आणि इस्पितळातील वायू

इथे कचारगडच्याच निमित्ताने एक गंमत सांगतो. झेनॉनचा एक सख्खा नातेवाईक आहे, रेडॉन. तोही रंगहीन, वासहीन, अलिप्त वायू. पण तो जन्मतःच किरणोत्सर्गी आहे. जमिनीतील आणि खडकातील युरेनियमपासून तो सतत तयार होतो आणि बंदिस्त जागेत साचतो. जगातील कोणत्याही गुहेत, विहिरीत, तळघरात तो बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकतो. निसर्गाकडून वर्षाला जे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्यातील जवळजवळ निम्मे या रेडॉनमुळेच असतात.

म्हणजे किरणोत्सर्गी वायू हुंगणे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. आपले पणजोबाही तो हुंगत होते. यात्रेत तासभर गुहेत गेल्याने काही बिघडत नाही. फरक एवढाच की रेडॉन मोजल्याशिवाय आणि न विचारता येतो, आणि त्याची पिल्ले फुप्फुसात चिकटून बसतात. इस्पितळातील झेनॉन मोजून, कारणासाठी, एकदाच दिला जातो आणि तो निघून जातो.

दुसरा प्रकार : गुंगी आणणारा झेनॉन

किरण न देणारा साधा झेनॉन मोठ्या प्रमाणात हुंगला तर गुंगी येते. १९५१ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी त्याची भूल प्रथम माणसाला दिली गेली. भूल पडण्यासाठी श्वासातील हवेत त्याचे प्रमाण साधारण ६० ते ७० टक्के लागते.

याच साध्या झेनॉनचा उपयोग पुढे मेंदूतील रक्तप्रवाह पाहण्यासाठी झाला. सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपवून काही मिनिटे सुमारे ३० टक्के झेनॉन देत. इतक्या प्रमाणात मात्र परिणाम जाणवतात. डोके हलके होते, हातापायांना मुंग्या येतात, झोप येते, कोणाला उगीच हसू येते, कोणाला मळमळते. सर्वांत लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे काही जणांचा श्वास मधेच काही सेकंद थांबतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,८३० रुग्णांची नोंद होती. त्यांतील ३.६ टक्के रुग्णांत असा श्वासाचा खंड दिसला. डोकेदुखी, उलटी, झटके हे प्रकार अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. जवळ उभ्या असलेल्या माणसाने 'श्वास घ्या' म्हणताच बहुतेक वेळा रुग्ण पुन्हा श्वास घेऊ लागतो. म्हणूनच अशी तपासणी माणूस जवळ उभा असल्याशिवाय करत नाहीत.

झेनॉनने माणूस बेशुद्ध होतो, अशी जी वदंता आहे तिचे मूळ इथे आहे. परंतु फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये दिलेला झेनॉन याच्या तुलनेत चिमूटभरही नसतो.

तिसरा प्रकार : एमआरआयचा झेनॉन

हा सर्वांत नवा. झेनॉन-१२९ हा किरण न देणारा प्रकार विशेष रीतीने चुंबकित करतात आणि रुग्णाला हुंगायला देतात. रुग्ण १० ते १५ सेकंद श्वास रोखतो, तेवढ्यात एमआरआय यंत्र फुप्फुसातील हवेचे चित्र काढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये याला १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. यात किरणोत्सर्ग मुळीच नाही.

दुष्परिणाम आहेत, पण सौम्य. घसा दुखणे, डोके दुखणे, चक्कर येणे असे त्रास काही जणांना होतात आणि थोड्याच वेळात ओसरतात. मात्र एक गोष्ट महत्त्वाची. ज्या पिशवीतून हा वायू देतात तिच्यात प्राणवायू नसतो. त्यामुळे तेवढे काही सेकंद रक्तातील प्राणवायू थोडा उतरतो आणि साधी हवा घेताच पुन्हा चढतो. निरोगी माणसाला याचे काही वाटत नाही. परंतु ज्याचा प्राणवायू आधीच कमी आहे, किंवा ज्याला सिकलसेल आहे, त्याने हे आधी सांगितलेच पाहिजे. कारण प्राणवायू घटला की सिकलसेलच्या पेशी वाकू लागतात. अशा रुग्णाच्या बोटाला प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावून, जवळ प्राणवायू तयार ठेवून तपासणी करतात. गरज वाटल्यास दुसरी पद्धत निवडतात.

आपल्याकडे काय देतात?

आता मुद्द्याचे. आपल्याकडील इस्पितळात फुप्फुसाचे स्कॅन सांगितले, तर बहुधा झेनॉन नव्हे, तर टेक्नेशियम नावाच्या द्रव्याचे धुके हुंगायला देतात. दम्याच्या रुग्णाला वाफेचे यंत्र लावतात, साधारण तसाच हा प्रकार. पाच-दहा मिनिटे मास्कमधून श्वास घ्यायचा, मग कॅमेऱ्याखाली झोपायचे. टेक्नेशियमचे किरण दर सहा तासांनी निम्मे होतात. सकाळी तपासणी केली तर दुसऱ्या सकाळी सोळावा भागसुद्धा जेमतेम उरतो, आणि लघवीवाटे बाहेर पडल्यामुळे अंगात त्याहूनही कमी राहतो. काही ठिकाणी टेक्नेशियमचे अतिसूक्ष्म कोळशाच्या कणांवर बसवलेले धूरवजा रूप वापरतात. ते ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात निघाले. ते घेतानाही क्षणभर प्राणवायू उतरू शकतो, म्हणून वर सांगितलेली काळजी तिथेही लागू आहे.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. तुर्भ्याला १९५६ साली 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि आजारांसाठी लागणारी किरणोत्सर्गी द्रव्ये देशातच तयार होऊ लागली. १९६३ साली मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. या शाखेतील अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञ तिथे शिकून तयार झाले. फुप्फुसाच्या तपासणीसाठी लागणारे धुके तयार करणारे उपकरणही भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. अशा तपासण्या जिथे चालतात त्या जागांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

जिथे झेनॉन वापरतात तिथे खोलीचीही व्यवस्था वेगळी असते. झेनॉन हवेपेक्षा सुमारे साडेचार पट जड. तो सांडला तर धुरासारखा वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. म्हणून हवा खेचणारी जाळी खाली बसवतात, आणि रुग्णाने सोडलेला वायू कोळशाच्या गाळणीत अडकवून ठेवतात. तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीत जाऊन काचेतून पाहतो, ते पाहून घाबरू नका. रुग्णाची तपासणी एकदाच होते. त्याला मात्र रोज दहा रुग्ण पाहायचे असतात.

आपण काय सांगायचे?

डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. पुढील गोष्टी आपण होऊन सांगा.

१. दिवस गेले आहेत किंवा पाळी चुकली आहे. लाजू नका. सासूबाई सोबत असतील तर परिचारिकेला बाजूला घेऊन सांगा. गर्भ असताना ही तपासणी अगदी आवश्यक असेल तरच, आणि मात्रा कमी करून करतात.

२. अंगावर पिणारे मूल आहे. नुसत्या वायूच्या किंवा धुक्याच्या तपासणीने दूध बंद करण्याची सहसा गरज नसते. पण रक्ताच्या बाजूची सुई दिली असेल तर साधारण १२ तास बाळाला अंगावर पाजू नये असे सांगतात. आधी कळले तर दूध काढून ठेवता येते. तेवढ्या तासांतील दूध मात्र टाकून द्यावे.

३. सिकलसेल आहे. कार्ड सोबत न्या. तपासणीच्या आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, थंडीत उघड्यावर बसू नका.

४. फुप्फुसातील रक्ताचा दाब वाढला आहे असे आधी कोणी सांगितले असेल तर तो कागद दाखवा. अशा रुग्णाला सुईतील कण कमी संख्येने देतात.

५. घरी प्राणवायू लावावा लागतो, दमा आहे, किंवा बंद जागेत जीव घाबरतो.

६. एमआरआय असेल तर अंगात बसवलेले धातूचे यंत्र, पट्टी, स्क्रू यांची माहिती द्या. मंगळसूत्र, जोडवी, करदोटा आधी काढून ठेवा.

आणि सोबत छातीचा ताजा क्ष-किरण फोटो न्या. तो शेजारी असल्याशिवाय स्कॅनचा अर्थ नीट लागत नाही.

नेहमीच्या चार शंका

'मूल होणार नाही का?' होते. वंध्यत्व येण्यासाठी लागणारी किरणांची मात्रा या तपासणीच्या शेकडो पटींनी जास्त असते. ही भीती मनातून काढून टाका.

'घरच्या लेकरांना किरण लागतील का?' झेनॉन तर इस्पितळातच निघून जातो. टेक्नेशियमचा अंश त्या दिवसापुरता असतो. पाणी जास्त प्यावे, लघवीला वरचेवर जावे, हात धुवावेत. तान्ह्या बाळाला त्या दिवशी फार वेळ मांडीवर घेऊन बसू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वागावे.

'केस गळतील का?' नाही. केस गळतात ते कर्करोगाच्या काही उपचारांत. तपासणी आणि उपचार यांत पेरणीच्या मुठीचा आणि भरलेल्या कोठीचा फरक आहे.

'याच्याऐवजी सीटी स्कॅन चालणार नाही का?' पुष्कळदा चालते, आणि तातडीच्या वेळी तेच आधी करतात. पण त्यात शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागते, ते मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना सोसत नाही, आणि किरणांची मात्राही सहसा जास्त असते. जुनी, बारीक गुठळी शोधायला हवा-रक्ताचे स्कॅन अधिक भरवशाचे. कोणते करायचे ते डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवायचे असते. 'हेच का, ते का नाही?' असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. जरूर विचारा.

खरा धोका कुठे आहे?

वाचकहो, सगळा हिशेब मांडून पाहा. एका पारड्यात वायूचा दुष्परिणाम आहे : थोडी चक्कर, थोडा घसा, निसर्गाकडून काही महिन्यांत मिळतात तेवढे किरण. दुसऱ्या पारड्यात न शोधलेली गुठळी आहे. ती आज बारीक असेल, उद्या मोठा पाट बंद करील. छातीत अडकलेली मोठी गुठळी तासाभरातही माणूस नेते.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, ओठ निळसर दिसतात, तर स्कॅनची तारीख पाहत बसू नका. तडक इस्पितळ गाठा. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, पाय मोडून अंथरुणाला खिळलेला काळ, आणि सिकलसेलचा आजार, या वेळी गुठळीची शक्यता अधिक असते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि धाप एकत्र आली तर रात्र घरी काढू नये.

उलट, प्रत्येक दम्याला हे स्कॅन लागत नाही, हेही ध्यानात असू द्या. राइस मिलच्या कोंड्याने, चुलीच्या धुराने, विडीने होणारा खोकला फुंकर-परीक्षा, थुंकीची तपासणी आणि साध्या फोटोनेच बहुधा कळतो. आणि सिकलसेल आहे की नाही हे कळायला तर रक्ताचा थेंब पुरतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात आदिवासी भागांतील ही रक्ततपासणी येते. घरात लग्नाची मुले-मुली असतील तर ती आधी करून घ्यावी.

कचारगडच्या चढणीवर त्या माउलीने शेवटी मला एकच विचारले होते, "भाऊ, तुमची पोरगी असती तं तुमी नेली असती का?"

मी म्हटले, "मावशी, दोन महिने थांबलोच नसतो."

तिने कागदाची घडी पुन्हा नीट घातली, पण या वेळी पिशवीच्या तळाशी नाही, कमरेच्या बटव्यात ठेवली. मुलीचा श्वास एव्हाना बसला होता. दोघी उठल्या आणि गुहेकडे न जाता हळूहळू खाली उतरू लागल्या. "गुहेले आमी पुढच्या माघात येऊन," माय म्हणाली.